कूलिंग टॉवर

कोराडीला बत्तीस वर्षं बॉयलरवर काढली.
पाहुणा आला की हटकून विचारायचा,
त्या कमरेत बारीक बुरुजांतून एवढा धूर निघतो,
तुम्ही लोक जगता कसे?
मी म्हणायचो, अहो, धूर नाही तो. वाफ आहे.
धूर बाजूच्या उंच चिमणीतून जातो,
तो फारसा दिसत नाही.
पटायचं लोकांना.
सकाळी दोरीवरच्या बनियनवर राख सापडायची,
बायको झटकायची. मी तिकडे पाहायचो नाही.

म्हणून प्रणोतीनं जेव्हा ती जांभळी कांडी हातावर ठेवली
(बर्डीवर, मोबाइलच्या कव्हरांमागून काढून दिलेली,
बंदी आहे म्हणून दुप्पट भावात)
आणि म्हणाली, बाबा, धूर नाही हा, वाफ आहे,
तेव्हा मला हसूच आलं.
माझंच वाक्य,
माझ्याच हातावर, सुट्ट्या पैशांसारखं परत.

खोटं कशाला बोलू.
तिसऱ्या आठवड्यात खोकला उतरला.
उशीचा वास गेला.
पोह्यांवरची तर्री इतक्या वर्षांनी जिभेला कळली,
डोळ्यांतून पाणी आलं तर ठेल्यावरचा गजू म्हणतो,
काऊन काका, रडून राहिले का?

मेडिकलमधल्या मेंढे बाईंना विचारलं,
सिगारेटपेक्षा बरं ना हे?
त्यांनी पेनचं टोपण लावलं, परत काढलं.
तिसऱ्या मजल्यावरून पडण्यापेक्षा
पहिल्यावरून पडलेलं बरं, म्हणाल्या,
पण ही इमारत नवीन आहे,
मजले अजून कुणी नीट मोजले नाहीत.
मग चष्म्यावरून पाहत,
आणि तुम्हाला पडायचंच आहे का, काका?

सिगारेटला निदान शेवट होता.
बोटाला चटका बसायचा, थोटूक विझवायचं,
पायरीवरून उठून कामाला लागायचं.
पाकिटात दहा. अकराला टपरी बंद.
हिला शेवट नाही.
न्हाणीघरात, पांघरुणात,
घरात मिक्सर सुरू असताना,
टीव्हीवर जाहिरात लागली की तेवढ्यात.
किती झाल्या ते कुणी मोजायचं?
रात्री तीनला जाग येते तेव्हा
हात आधी तिच्यावर पडतो, मग चष्म्यावर.

वास संत्र्याचा.
नागपुरात, संत्र्याचा!
कळमन्याला पेट्या फोडतात तेव्हा येतो तो नव्हे,
शाळेसमोर बरणीत मिळणाऱ्या गोळीचा.

रेवा चार वर्षांची.
सिगारेट होती तोवर नाक धरून पळायची,
दारातूनच ओरडायची, आजोबा घाण!
काल आपणहून मांडीवर येऊन बसली.
मी नुसता बसून राहिलो, हलेन तर उठेल म्हणून.
केसांना तेलाचा वास, फ्रॉकला उन्हाचा.
मग तिनं खिशात हात घातला,
कांडी काढली, हुंगली,
आणि म्हणाली, एक गोळी मला पण.

ओठांना लागलीच होती.
मी मनगट धरलं. जरा जोरातच धरलं.
रडली. आतून प्रणोती धावत आली,
काय झालं, काय झालं?
तोंडाशी वाक्य तयार होतं,
बत्तीस वर्षांच्या सरावाचं.
पहिल्यांदाच गिळलं.

कांडी आता कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात आहे,
पूर्वी जिथे पाकीट असायचं.
फेकलेली नाही. हेही सांगून टाकतो.

जरीपटक्याच्या आमच्या गच्चीवरून
संध्याकाळी उत्तरेला ते बुरूज दिसतात,
वर पिंजलेला कापूस.
चिमणी वेगळी, बुरूज वेगळा,
खाली जळणारा कोळसा मात्र एकच होता,
आणि तो पेटता ठेवायला मी होतो.
असा प्रश्न कुठल्या पाहुण्याला पडला नाही.

रेवा अजून फुगलेली आहे,
तरी बोट दाखवून विचारते,
आजोबा, ते काय निघतंय?
मी खिसा चाचपतो. रिकामा.
थांब, म्हणतो,
आठवून सांगतो.